चोरबाजारातला खटका

छंद जडतो एकट्याला, पण त्याची शिक्षा साऱ्या घराला भोगावी लागते. त्यातल्या त्यात टपालाची तिकिटे जमविणाऱ्याचे कुटुंब सुखी म्हणावयाचे. तिकिटे वहीत मावतात, नाणी डब्यात मावतात. माझ्या छंदाचा एकेक नग मात्र दहा-बारा किलो वजनाचा असतो, आणि तो ठेवावयाचा म्हणजे आधी फळीला आधार द्यावा लागतो. मी जुने स्टिरिओ ॲम्प्लिफायर जमवितो.

मराठीच्या प्राध्यापकाने याला 'ध्वनिवर्धक' म्हणावे अशी वाचकांची अपेक्षा असेल. पण ध्वनिवर्धक म्हटले की गणपतीच्या मांडवावरचा कर्णा डोळ्यांपुढे उभा राहतो. मी म्हणतो ते यंत्र घरातले. तबकडीवर फिरणाऱ्या सुईकडून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण, एका व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. तो स्पीकर हलविण्याइतका मोठा करावयाचा हे या पेटीचे काम. पुढच्या बाजूस ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर बटणे आणि खटके, मागे तारांचे जंगल आणि आत एक जड ट्रान्सफॉर्मर, असे तिचे एकंदर रूप.

पुण्यातल्या आमच्या तीन खोल्यांत अशा पाच पेट्या आहेत. घरात माणसे चार : माझे वडील अण्णा, सौ., आमची दहावीतली मुलगी आणि मी. "आपण चौघे आणि हे पाच," सौ. एकदा म्हणाली, "मतदान झाले तर आपण हरू!"

या छंदाचे मूळ अण्णांपाशी आहे. अण्णा बँकेत कारकून होते. गाण्याचे त्यांना अतोनात वेड. दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी आणि चहाचा थर्मास घेऊन जाणारे. घरी मात्र एकच स्पीकर असलेला साधा रेकॉर्ड-प्लेअर होता. लक्ष्मी रोडवरून जाताना एका दुकानाच्या काचेपाशी ते थांबत. आत जपानी बनावटीचा स्टिरिओ मांडलेला असे. मी लहान होतो. त्यांचे बोट धरून मीही थांबत असे. किंमत त्यांनी कधी विचारली नाही. विचारून काय करावयाचे ते त्यांना ठाऊक होते.

पुढे मला नोकरी लागली आणि मी पहिला ॲम्प्लिफायर आणला. तो खास जपानातल्या वापरासाठी बनविलेला होता. तेथे घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. मी उत्साहाने प्लग लावला आणि दहा सेकंदांत आमच्या घरात जळक्या वासाचा एक नवा अध्याय सुरू झाला. अण्णा एवढेच म्हणाले, "दुसरा आण." तो दुसरा आला, मग तिसरा. आम्ही दोघे रात्री बसून ऐकत असू. अण्णांची उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या दांड्यावर मात्रा मोजत आणि समेवर नेमकी टिचकी पडे.

आठ वर्षांपूर्वी एका आजारात अण्णांचा डावा कान गेला. तो परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अण्णांनी ते शांतपणे घेतले. पण हळूहळू त्यांनी गाणे ऐकावयाचे सोडले. मी उत्तम हेडफोन आणून दिले, ते त्यांनी दोन दिवस वापरून खोक्यात ठेवले. विचारले तर म्हणत, "मला गाणं अर्धंच येतं रे आता." म्हातारपणी माणसे असे बोलतातच, असे मी मनाशी म्हटले आणि माझ्या पेट्या पुसत राहिलो.

गेल्या जानेवारीत एका पेटीचा व्हॉल्यूम खरखरू लागला. त्यातला फिरता भाग झिजला होता. तसा भाग मिळण्याची जागा म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. रविवार पाहून मी सकाळची डेक्कन क्वीन पकडली, दादरला उतरून लोकल धरली आणि ग्रँट रोड स्टेशनबाहेर आलो.

या भागात हिंडताना माझ्यातला भाषेचा मास्तर नेहमी जागा होतो. ग्रँट आणि लॅमिंग्टन हे दोघेही मुंबईचे गव्हर्नर. पहिला १८३५ ते १८३८ या काळातला, दुसरा १९०३ ते १९०७ मधला. लॅमिंग्टन रोडला आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे. पण विजेचे सामान घेणारा माणूस जुन्याच नावाने पत्ता विचारतो. या रस्त्यावर पूर्वी चित्रगृहांची रांग होती. इथल्याच मिनर्व्हात १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षे चालला. सत्तर मिलिमीटरची पट्टी आणि स्टिरिओफोनिक ध्वनी! पडद्यावर नाणे उडाले की ते आपल्याच पायाशी पडले म्हणून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असे सांगतात. ते चित्रगृह आता राहिले नाही. पण आवाजाला दिशा असते ही गोष्ट इथे किती जणांना प्रथम कळली असेल, असा विचार मनात आलाच.

त्या दिशेची युक्ती तशी त्याहूनही बरीच जुनी. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कानांसाठी दोन वेगळे ध्वनी, आणि ते दोन्ही तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर कोरावयाचे! प्रत्यक्षात स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. तोवर घरातला ॲम्प्लिफायर एकेरीच असे. इंग्लंडातल्या क्वाड कंपनीचा १९५३ सालचा प्रसिद्ध ॲम्प्लिफायर एकेरीच होता. दोन ध्वनींसाठी तसे दोन नग शेजारी शेजारी मांडावे लागत. त्याची शक्ती होती अवघी पंधरा वॉट.

पंधरा वॉट हे वाचून हल्लीची मुले हसतात. आपल्याकडे एके काळी खोक्यांवर हजार हजार 'पी. एम. पी. ओ.' वॉट छापलेले असत. त्यातला बहुतेक कारभार छापखान्यातच होई. अमेरिकेतही अशी अतिशयोक्ती इतकी बोकाळली की, वॉटचा आकडा कसा मोजावा व कसा छापावा याचा नियमच १९७४ साली सरकारला करावा लागला. खरे म्हणजे वॉट दुप्पट केले तरी कानाला फरक थोडाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावयाचा तर शक्ती सुमारे दहापट लागते. घरच्या बैठकीला पंधरा-वीस वॉट पुष्कळ झाले.

पण वाट भरकटू नये. लॅमिंग्टन रोडवरची पुष्कळशी दुकाने रविवारी बंद असतात, ही साधी गोष्ट मी विसरलो होतो. एक-दोन उघडी होती, तेथे भाग मिळाला नाही. "चोरबाजारात बघा," एक दुकानदार म्हणाला. मी मौलाना शौकत अली रोड, म्हणजे जुना ग्रँट रोड, धरून पूर्वेस चालू लागलो.

हा रस्ता म्हणजे अपभ्रंशाचे चालते-बोलते पुस्तक आहे. वाटेत पिलाहाऊस लागते. मूळ शब्द 'प्लेहाऊस'. एके काळी इथे नाटकांची थिएटरे होती. पुढे भेंडीबाजार. 'बिहाइंड द बाजार' या शब्दांवरून ते नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती आहे. चोरबाजार हे तर मूळचे 'शोर बाजार', साहेबांच्या तोंडी शोरचा चोर झाला, असेही सांगतात. भेंडीबाजाराच्या नावाने तर संगीताचे एक घराणेच ओळखले जाते. त्या घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्यापाशी लता मंगेशकरांनी काही काळ शिक्षण घेतले. आता तेथे जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. पण मटन स्ट्रीटवर वळले की शोर कायम आहे. हातगाड्या, हातोड्यांचे आवाज, पितळी दिवे, जहाजांवरची घड्याळे, सिनेमाची जुनी भित्तिपत्रके, कर्ण्याचे ग्रामोफोन. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : शुक्रवारी ही दुकाने बंद असतात, त्या दिवशी बाजार रस्त्यावर भरतो आणि तो पहाटेच सुरू होतो.

एका अरुंद गाळ्यात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर छतापर्यंत रचलेले दिसले. मध्ये एक सत्तरीचे गृहस्थ सोल्डरिंगची कांडी घेऊन बसले होते. शेजारचे त्यांना चाचा म्हणत होते. मी हिंदीत सुरुवात केली तर ते म्हणाले, "मराठीतच बोला, मी रत्नागिरीकडचा." मी मराठी शिकवितो हे कळल्यावर मी त्यांचा मास्तर झालो.

"हा माल येतो कोठून, चाचा?"

"आमच्याच माणसांनी आणलाय. मस्कत, कुवेत, दुबई. सुट्टीवर येताना जो तो खांद्यावर एक स्टिरिओ घेऊन यायचा. गावात बोटीनं उतरवलेले पण मी पाहिलेत. आता मुलं मोबाइलवर ऐकतात. म्हातारा गेला की पेटी इकडे येते."

हव्या त्या भागाची जोडी त्यांनी एका डब्यातून दोन मिनिटांत काढून दिली. इथेच उठावयास हवे होते. पण छंदिष्ट माणूस कधी वेळेवर उठला आहे? माझी नजर एका सान्सुईवर गेली होती. सत्तरच्या दशकातला, काळी पट्टी, डझनभर बटणे, आणि मागे वेगवेगळ्या व्होल्टसाठी फिरविण्याची सोय. म्हणजे निर्यातीचा नग, घरी नेऊन धूर करावयाचा नव्हे.

"चालू आहे?"

उत्तर न देता चाचांनी एक फळी पुढे ओढली. फळीवर शंभर वॉटचा एक दिवा होता आणि त्याच्या पाठोपाठ यंत्राचा प्लग लावण्याची जागा. जुने यंत्र थेट विजेला जोडू नये, वाटेत असा दिवा ठेवावा. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचते. त्यांनी खटका दाबला. दिवा क्षणभर उजळला आणि हळूहळू मंद झाला. आम्ही दोघेही गप्प होतो. चार-पाच सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज आला. स्पीकर जोडणारा रिले बसला होता.

"नऊ हजार," चाचा म्हणाले.

घासाघीस सुरू करण्यापूर्वी मी माझे ज्ञान दाखविले. ही सारी बटणे मी मधोमधच ठेवतो, असे त्यांना सांगितले. आम्हा संग्राहकांत अशी एक पोथीच आहे. ध्वनी शुद्ध असावा. त्यात बास-ट्रेबलची ढवळाढवळ नको. पुढे पुढे तर काही कंपन्यांनी ही बटणे काढूनच टाकली आणि आम्ही त्यांचे कौतुक केले.

चाचा हसले. "मग बनवणारा वेडा होता काय, मास्तर? एकेक बटण कोणाच्या तरी तक्रारीसाठी आहे."

आणि खरोखर, त्या पट्टीकडे मी प्रथमच त्या दृष्टीने पाहिले. हा 'लाउडनेस'चा खटका. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान केला की कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो. हा खटका ती तूट भरून काढतो. म्हणजे नाव जरी मोठ्या आवाजाचे असले तरी तो आहे हळू ऐकणाऱ्यासाठी, शेजारच्या खोलीत कोणी झोपले आहे म्हणून व्हॉल्यूम उतरविणाऱ्यासाठी. हे बास आणि ट्रेबल. पीटर बॅक्सान्डल याने त्यांची जोडणी १९५२ साली एका इंग्रजी मासिकात छापून सर्वांना खुली केली, आणि पुढे ती जगभरच्या ॲम्प्लिफायरांत गेली. ती आहे जाड पडद्यांनी आवाज दबणाऱ्या खोलीसाठी आणि रिकाम्या भिंतींनी तो कर्कश होणाऱ्या खोलीसाठी. हा 'फिल्टर', घासून घासून जुनी झालेल्या तबकडीसाठी. हे 'बॅलन्स', ज्याच्या घरात एक स्पीकर दाराआड गेला आहे त्याच्यासाठी. आणि हा 'मोड'चा खटका. एका बाजूस स्टिरिओ, दुसऱ्या बाजूस मोनो.

"हा मात्र निरुपयोगी," मी म्हणालो. "स्टिरिओ घेऊन मोनो कोण ऐकेल?"

"ज्याच्याकडे जुन्या मोनो तबकड्या आहेत तो ऐकेल. सुई वरखाली उडून जी खरखर होते ती दोन्ही बाजू एकत्र केल्या की कटते. घरात कोण कोण ऐकतं तुमच्याकडे?"

मी सहज बोलून गेलो. वडील ऐकत असत, आता त्यांचा एक कान गेला आहे, गाणे अर्धेच ऐकू येते म्हणतात, म्हणून सोडले.

चाचांनी कांडी खाली ठेवली. "अर्धं म्हणजे कुठलं अर्धं?"

हा प्रश्न आठ वर्षांत मी विचारला नव्हता.

त्यांनी एक जुनी तबकडी लावली. सतार आणि तबला. माझ्या डोक्यावर हेडफोन चढविला आणि डाव्या कानावरची वाटी बाजूला सरकवून तो कान तळहाताने झाकून घ्यावयास सांगितले. उजव्या कानात सतार वाजत होती. सुरेख वाजत होती. मी तबल्याची वाट पाहू लागलो. तबला आलाच नाही. तो डाव्या बाजूला कोरलेला होता. सतारिया कोणाशी तरी बोलत होता, थांबत होता, उत्तर ऐकून हसल्यासारखा पुढे जात होता. आणि समोर कोणी नव्हते. चाचांनी 'मोड'चा खटका फिरविला. तबला त्याच कानात, सतारीच्या शेजारी येऊन बसला.

मला बोलवेना. दरवर्षी मी मुलांना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवितो. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, तो जुळत नसेल तर लक्षणेकडे जावे, असा नियम फळ्यावर लिहितो. अण्णा अभिधेत बोलत होते. अर्धे गाणे म्हणजे अर्धे गाणे. मी ती लक्षणा समजलो.

"चाचा, माझ्या घरी पाच आहेत," मी शेवटी म्हणालो. "त्यांतल्या तिघांवर हा खटका आहे."

"आहे ना? मग हा कशाला नेता?" त्यांनी सान्सुईचा प्लग काढला. "घरी जा. भागाचे दोनशे द्या."

संध्याकाळच्या गाडीने परत आलो. रिकामे हात पाहून सौ.ला काळजी वाटली. "बरे आहे ना? की पाकीट मारले?"

जेवण झाल्यावर पाचांपैकी एक पेटी उचलून मी अण्णांच्या खोलीत नेली आणि खोक्यातले हेडफोन काढले. अण्णा नको नको म्हणत होते. त्यांच्या आवडीची एक तबकडी लावली आणि आधी मुद्दामच खटका स्टिरिओवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर ते सौजन्य होते, मुलाने आणलेली न आवडणारी वस्तू पाहताना असते तसे. मग खटका फिरविला. अण्णांनी मान वळवून डावीकडे पाहिले, जणू तिकडून कोणी खोलीत आले होते. काही वेळ ते तसेच बसले. मग उजव्या हाताची बोटे उचलली गेली आणि खुर्चीच्या दांड्यावर मोजू लागली. पहिली सम थोडी चुकली. दुसरी बरोबर आली.

खरे ते सांगितले पाहिजे. कान काही परत आलेला नाही, आणि एका कानाने दिशा कळत नाही ती नाहीच. शिवाय दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने आपल्या मोबाइलमध्ये चार पडद्यांच्या आत लपलेली हीच सोय मला शोधून दाखविली. म्हणजे यासाठी जुनी पेटीच हवी होती असे नाही. पण मोबाइलमधली सोय ज्याला हवी तिचे नाव ठाऊक असेल त्यालाच सापडते. जुन्या पेटीवर ती तोंडावर होती, हाताला लागत होती, आणि तरीही मला दिसली नाही. मी पट्टी पुसत होतो, वाचत नव्हतो.

ती पेटी आता अण्णांच्या खोलीतच असते. सौ.च्या हिशेबाने बाहेर चारच उरल्या. मतदान झाले तर बरोबरी होईल, आणि पाचवी कोणाच्या बाजूची हे सांगावयास नकोच. बास आणि ट्रेबल अण्णा स्वतः फिरवितात. ट्रेबल पार उजवीकडे असते. शुद्ध ध्वनीची पोथी मी त्यांच्यापुढे उघडलेली नाही.

पहिल्या रात्री तबकडी संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि खटक्यावर बोट ठेवून विचारले, "हे इतकी वर्षं इथंच होतं?"

"हो."

"मग सांगितलं नाहीस ते?"

मी काही बोललो नाही. सांगितले त्यांनीच होते, आठ वर्षे, अगदी साध्या मराठीत. अर्थ लावण्याचे काम माझे होते, आणि मला पगार मिळतो तो त्याच कामाचा.